पऱ्हाटी खाणारा ढोल्या

मित्रांनो, माझं खरं नाव सांगायला मलाच थोडं अवघड जातं. कागदोपत्री मी 'बायोमास गॅसिफायर' आहे, पण आमच्या गावात हे नाव कोणाच्याच तोंडात बसलं नाही. कोणी 'गॅसफायर' म्हणालं, कोणी 'पिपा' म्हणालं. शेवटी कडूबा नावाच्या एका वयस्कर शेतकऱ्याने माझ्या पोटावर थाप मारली आणि मला 'ढोल्या' म्हटलं. तेच नाव मला कायमचं चिकटलं. आता मी जुना झालो आहे आणि माझ्या पोटाला दोनदा नवा पत्रा लागला आहे. तरीही हे नाव ऐकलं की मला बरं वाटतं.

माझा जन्म खामगावच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपात झाला. जाड पत्रा वाकवून माझं अंग केलं, वर तोंड ठेवलं, कमरेपाशी मला आवळलं आणि तिथे हवा आत येण्यासाठी भोकं पाडली. खाली राख पडायला जागा केली. ज्या वेल्डरने मला जोडलं, तो काम करताना सारखा गुणगुणत असे, त्यामुळे माझं बालपण फार दुःखात गेलं असं काही मी म्हणणार नाही. ठिणग्या उडत होत्या तेवढंच.

मी काय करतो, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आमच्या भागात कापूस वेचून झाला की शेतात झाडांचे वाळके सांगाडे उरतात, त्यांना पऱ्हाटी म्हणतात. त्या पऱ्हाटीचे बोटभर तुकडे करून माझ्या तोंडात टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचं. चुलीत लाकडाला भरपूर हवा मिळते, म्हणून ते पूर्ण जळून राख होतं. मला मात्र मुद्दाम कमी हवा देतात. त्यामुळे माझ्या कमरेपाशी निखारे लाल होतात, धूर त्या निखाऱ्यांमधून खाली उतरतो आणि उतरता उतरता बदलतो. बाहेर पडतो तो पुन्हा पेटू शकेल असा वायू. तो गाळून, थंड करून इंजिनाला पाजला की इंजिन चालतं.

या वायूत पाच जण एकत्र राहतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोघे कमावते. मिथेन चिमूटभर असतो, पण कामाचा. उरलेले कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन हे बिनबोलावलेल्या पाहुण्यांसारखे, जागा अडवतात आणि काम काही करत नाहीत. माझी तब्येत चांगली असली की शंभर भाग वायूत वीसेक भाग कार्बन मोनॉक्साइड भरतो. पण हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. पऱ्हाटी किती कोरडी आहे, हवा किती दिली, पोट किती तापलं, यावर ते रोज हलतं. आणि हो, कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो, म्हणून माझ्या शेडला भिंती नाहीत. चारही बाजूंनी वारा, त्यामुळे मला गावातलं सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

बीबी आणि दुसरबीड या दोन गावांच्या मध्ये आमचं गाव. मी आलो तेव्हा बीटी कापूस येऊन काही वर्षं झाली होती. सुरुवातीला पीक बक्कळ आलं आणि पत्र्याच्या घरांवर स्लॅब पडले. मग पाऊस दगा देऊ लागला, बियाणं-खताचा खर्च वाढत गेला, आणि लोक कापसाबद्दल बोलताना आवाज खाली आणू लागले. गोठ्यातले बैल कमी झाले. वीज तर पाहुण्यासारखी येई, आली तशी निघून जाई. पऱ्हाटी मात्र दरवर्षी तेवढीच निघायची आणि बांधावर पेटवली जायची. तेव्हा एका संस्थेने ठरवलं की ती पऱ्हाटी माझ्या पोटात घालून गावातली यंत्रं चालवावीत. मला ट्रकमधून उतरवलं त्या दिवशी बघायला अर्धं गाव जमलं होतं. कडूबाची बायको वच्छलाबाई तर घरातली गॅसची रिकामी टाकी घेऊनच आली.

"गॅस आला म्हन्तेत गावात. एवढी टाकी भरून दे व बाई."

ज्या बाईला ती हे म्हणाली, तिचं नाव महेजबीन. माझी गोष्ट म्हणजे निम्मी तिचीच गोष्ट आहे. बशीर पिंजारी यांची ती मुलगी. या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या आणि रजया शिवण्याचं काम. बशीरमियांनी आयुष्यभर धनुकलीवर कापूस पिंजला. धनुकलीची तार छेडताना जे तंतू उडत ते त्यांच्या छातीत बसले, आणि आता चार पावलं चालले तरी खोकला यायचा. घरात पिंजायचं एक मशीन होतं, पण विजेवाचून ते मशीन म्हणजे नुसती पेटी. महेजबीनचा थोरला भाऊ मतीन मलकापूरला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. तो फोनवर एकच गोष्ट सांगायचा, की दुकान बंद करा आणि इकडे या.

महेजबीनला जायचं नव्हतं. त्याचं कारणही तिने वडिलांना अगदी सरळ सांगितलं होतं. "तिथं मी दुसऱ्याच्या मशीनवर हात चालवीन, अब्बा. इथं मशीन माही हाय."

म्हणून जेव्हा संस्थेने ग्रामसभेत विचारलं की हे यंत्र कोण सांभाळेल, तेव्हा तिने हात वर केला. बाकी लोक डोकं खाजवत बसले होते. तिने शिकून घेतलं, हाताला चटके घेतले, आणि एका सकाळी माझ्या कमरेशी पलिता धरून मला पेटवलं. इंजिन सुरू झालं. इंजिनाला पट्ट्याने एका बाजूला पिठाची गिरणी जोडली होती आणि दुसऱ्या बाजूला तिचं पिंजायचं मशीन, घरातून शेडमध्ये आणलेलं. पहिला कापूस फुलून बाहेर आला तेव्हा शेडसमोरच्या आपल्या घराच्या दारात बशीरमियां खाटेवर उठून बसले. तो आवाज ऐकत त्यांनी चहा पिऊन संपवला आणि अजून एक कप मागितला.

सुरुवातीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. मी बशीरमियांच्या अंगणातल्या जुन्या ढिगातली पऱ्हाटी खात होतो. वर्षभर उन्हात तापलेली, काडकन मोडणारी. माझ्या पोटात निखारे असे रसरसायचे की मला स्वतःचाच अभिमान वाटे. लग्नसराई तोंडावर आली होती, आणि महेजबीनकडे गाद्यांची मागणी येऊ लागली होती. लोक मला पाहायला शेजारच्या गावांतून येत, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? मीही थोडा फुगलोच. तसा मी मुळातच फुगलेला आहे, ही गोष्ट वेगळी.

अंगणातला ढीग अर्ध्यावर आला तेव्हा संस्थेने एक नवी पद्धत सुरू केली. गावकऱ्यांनी पऱ्हाटीची मोळी आणायची, ती काट्यावर तोलायची, आणि जितकी मोळी जड तितकं दळण फुकट. शेडच्या खांबाला लोखंडी काटा टांगला. कल्पना चांगली होती. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येऊ लागल्या, मोळीबरोबर ज्वारीची पिशवी. माझ्या पुढ्यात रोज बाजार भरल्यासारखी वर्दळ असे.

आणि तिथूनच माझं बिघडलं.

आधी मला पेटायला वेळ लागू लागला. मग पेटलो तरी पोटात ऊब धरेना. वायू बाहेर पडायचा, पण त्यात दम नसायचा. गिरणीत ज्वारी पडली की इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं. पाइपात डांबरासारखा काळा चिकट राप जमू लागला. महेजबीन रोज संध्याकाळी रॉकेलने तो धुवून काढी आणि तिच्या हाताचा काळपटपणा साबणानेही जात नसे. मला कळत होतं की माझ्या अन्नात काहीतरी चुकतं आहे. पण यंत्राला बोलता कुठे येतं? मी माझ्या परीने सांगत होतो. धूर सोडत होतो, पिवळी ज्योत दाखवत होतो, फुरफुरत होतो. कोणी ऐकलं तर ना.

महेजबीनने आपल्या चुलीच्या अनुभवाने उपाय केला. चूल विझायला आली की काय करतात? फुंकणी घालतात. तिने माझी हवेची झडप सताड उघडली. माझं पोट एकदम भडकलं आणि तिला वाटलं, जमलं. पण इंजिन तर आधीपेक्षा लवकर मेलं. मग तिने झडप जवळजवळ बंद केली, तर मी गारठलो आणि दुप्पट राप ओकू लागलो. बिचारी माझ्यापुढे उकिडवी बसून रडकुंडीला आली. तिच्यामागे शिवायच्या राहिलेल्या गाद्यांच्या खोळी पडल्या होत्या.

संस्थेचा इंजिनियर ज्ञानेश्वर चिखलीकडचा. माणूस शांत, कामाला पक्का. तो वायू मोजायचं यंत्र घेऊन आला. नळी माझ्या पाइपाला लावली आणि आकडे पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला होता. त्याची जागा कार्बन डायऑक्साइडने घेतली होती.

"ताई, चुलीत आपल्याला सगळं जळायला हवं असतं," त्याने तिला समजावलं. "इथं सगळं जळू द्यायचं नाही. हवा जास्त झाली की कामाचा गॅस पोटातच जळून जातो. आणि हवा फार कमी झाली, तर निखारे तापत नाहीत. निखारे तापले नाहीत, तर कार्बन डायऑक्साइडचा मोनॉक्साइड होत नाही, आणि राप जळत नाही."

"मंग झडप कुठं ठेवू?"

"अर्ध्याच्या जरा खाली. पण नुसती झडप नाही वाटत मला. पऱ्हाटी ओली आहे का?"

हा प्रश्न त्याने अगदी योग्य विचारला होता. जमलेल्या सगळ्यांनी त्याला शपथेवर सांगितलं की पऱ्हाटी वर्षाची वाळकी आहे. आणि मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. ज्ञानेश्वरने खात्रीसाठी नमुनाही घेतला, पण नेमका अंगणात उरलेल्या बशीरमियांच्या ढिगातून. तो तर पापडासारखा कोरडा. मग त्याने गाळणी बदलली, सांधे तपासले, राखेची जाळी उपसली. दोन खेपा झाल्या, तिसरी झाली. मी काही सुधारलो नाही.

लोक बोलू लागले. फोटो काढणारे आता माझ्याकडे पाठ करून उभे राहत. कोणी म्हणालं, बीटीच्या पऱ्हाटीतच दम नाही. कोणी म्हणालं, बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं. हे ऐकून मला माझ्या झाकणासकट उडावंसं वाटलं. महेजबीनने मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी ती पाइप घासत बसली ती लवकर उठलीच नाही.

घरात बशीरमियांनी निर्णय सांगितला. ते रागावून बोलले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "बेटा, लोकाच्या पोरींच्या लग्नाच्या गाद्या हायेत या. लग्न काही यंत्रासाठी थांबत नाहीत. घेतलेलं काम परत करू, अन् मतीनकडे जाऊ." महेजबीनने खोळींच्या घड्या घालून ठेवल्या.

त्याच आठवड्यात ज्ञानेश्वर आला तो उतरल्या चेहऱ्याने. संस्थेने ठरवलं होतं की मला इथून उचलून दुसऱ्या गावात न्यायचं. मलकापूरहून ट्रक सांगितला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. त्याने हे शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, कारण लपवून ठेवणं त्याला पटत नव्हतं. महेजबीनने माझ्या पोटावर हात ठेवला. मी त्या वेळी थंडच होतो, तरी मला तिच्या हाताची ऊब कळली. तिने घर आवरायचं आणि मीही निघायचं, हे दोन्ही एकाच आठवड्यात ठरावं याचं मला फार वाईट वाटलं.

गर्दीतून कडूबा पुढे आला. मला नाव देणारा तोच, त्यामुळे माझ्यावर त्याचा जीव होता. त्याचा चेहरा अपराध्यासारखा झाला होता.

"साहेब, आमच्या मोळ्या हलक्या भरून राह्यल्या का? तसं असन तर सांगा. उद्यापासून पानी वाढवतो."

ज्ञानेश्वर त्याच्याकडे वळला. "कसलं पाणी, काका?"

"मोळीले मारतो ते."

"मोळीला पाणी मारता?"

"आता काट्यावर माल न्यायचा म्हनजे मारावंच लागते ना," कडूबा म्हणाला. कोणी सूर्य कुठून उगवतो असं विचारावं, तसा त्याचा स्वर होता. "कापसाले मारतो, तसं पराटीले. मी तर दोनच बकेटा मारतो. बाकीचे चार चार ओततेत."

"अन् धुन्याचं पानी मारतो," वच्छलाबाईने घाईने सांगितलं. "प्यायचं नाही वाया घालवत आमी. रातच्याला ओलं करून गोनपाटाखाली झाकून ठुवलं, की सकाळपर्यंत आत मुरते. वरून कोल्लीच दिसते, वाळल्यावानी."

सगळ्यांच्या नजरा एकमेकांकडे जाऊ लागल्या. कोणी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागलं. सोजराबाई नावाच्या बाईने तर डोक्यावरची मोळी हळूच खाली ठेवून पदराने मोळीचं ओलं बूड पुसलं.

त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं, मित्रांनो. आमच्या मुलखात कापूस काट्यावर चढतो तेव्हा काय होतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. व्यापारी वजनात मारतो, म्हणून शेतकरी पाणी मारतो. शेतकरी पाणी मारतो, म्हणून व्यापारी कट्टी धरतो, म्हणजे ओलाव्याच्या नावाने वजन कापतो. कोणी आधी सुरू केलं ते आता कोणालाच आठवत नाही. इतकी वर्षं हे चाललं की काटा दिसला की हात आपोआप बादलीकडे जातो. यात सांगण्यासारखं काही आहे, असंच कोणाला वाटलं नव्हतं. विचारलं तेव्हा त्यांनी पऱ्हाटी वाळकी आहे म्हणून सांगितलं, आणि ती होतीच वाळकी, पाणी मारेपर्यंत.

आणि ते सगळं पाणी माझ्या पोटात जात होतं. माझी सगळी ऊब ते पाणी वाळवण्यातच खर्च व्हायची. निखारे तापायचेच नाहीत.

तेवढ्यात दारातल्या खाटेवरून हसू ऐकू आलं. बशीरमियां हसत होते. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसले. "अरे, जिंदगीभर मी तुमचा ओला कापूस छतावर वाळवला," ते म्हणाले. "घरात येईल तो कापूस ओलाच, असं मी पोरीले शिकवलं. अन् पराटीचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही."

महेजबीन हसली नाही. ती ज्ञानेश्वरकडे वळली. "सर, ट्रक येऊ द्या. पण याले नेण्याआधी एकदा कोल्ल्या पराटीवर पेटवून पाहा."

"पाहू की," ज्ञानेश्वर म्हणाला. "पण कोरडी आहे कुठे?"

खरंच नव्हती. अंगणातला ढीग मोळ्यांत मिसळता मिसळता संपला होता, शेडमधली सगळी ओली. सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मग वच्छलाबाई घराकडे निघून गेली. थोड्या वेळाने ती परत आली, डोक्यावर मोळी. तिने ती माझ्यापुढे टाकली आणि त्यातली एक काडी उचलून मोडली. काडकन आवाज झाला.

"चुलीची हाय," ती म्हणाली. "चुलीले कोन पानी पाजते?"

चुलीची पऱ्हाटी म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित कळणार नाही. बाई ती वर्षभर जपते. पावसाळ्यात घर जेवणार ते तिच्यावर. त्यातून उचलून देणं म्हणजे घरातला घास देण्यासारखं. पण वच्छलाबाईच्या मागून सोजराबाई आली, तिच्या मागून रुक्मिणीबाई. दिवस मावळेपर्यंत माझ्यापुढे चुलीच्या पऱ्हाटीचा ढीग लागला. मी आयुष्यात पुष्कळ खाल्लं आहे. पण त्या संध्याकाळी तो ढीग पाहून माझ्या पोटात जे झालं, ते भुकेने झालं नव्हतं.

सकाळी ट्रक आला. ड्रायव्हर साखळ्या काढून तयार होता. महेजबीनने त्याला चहा दिला आणि बसवलं. मग तिने माझ्या तोंडात पऱ्हाटीचे तुकडे भरले, झडप अर्ध्याच्या जरा खाली ठेवली आणि पलिता लावला. ज्ञानेश्वरने वायू बाहेर सोडायच्या नळीपाशी काडी पेटवून धरली. आधी धूर आला. मग पिवळी ज्योत, वाकडीतिकडी. हरायची तर मला सवयच झाली होती. पण पोटात निखारे हळूहळू लाल झाले, लालाचे केशरी झाले, आणि मला जुनी ती ऊब पुन्हा जाणवली. नळीवरची ज्योत निळसर झाली, मग इतकी स्वच्छ झाली की उन्हात ती दिसेनाशी झाली.

"विझली का काय?" कडूबाने विचारलं.

"नाही काका, हात नका लावू," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याने यंत्रावरचा आकडा वाचला, परत वाचला, आणि ते यंत्र महेजबीनपुढे धरलं. "ताई, मोनॉक्साइड वीसला आला."

महेजबीनने इंजिन सुरू केलं. ते धापा न टाकता चाललं. तिने पट्टा पिंजायच्या मशीनवर चढवला, आणि कापूस फुलून बाहेर पडू लागला. बशीरमियां खाटेवरून उठले, काठी टेकत शेडपर्यंत आले आणि मशीनपाशी जमिनीवर बसून खोळ पुढे ओढली. सुई त्यांनी स्वतः ओवली.

ड्रायव्हरने विचारलं, "मंग माल कोनता न्यायचा?" ज्ञानेश्वर तेव्हा संस्थेला फोनवर सांगत होता की ढोल्या इथेच राहील. तो लिंबाच्या सावलीत झोपला. संध्याकाळी उठला तेव्हा लग्नाच्या ठरलेल्या गाद्या बाजूला काढून तयार झालेल्या बाकीच्या गाद्या महेजबीनने त्याच्या ट्रकमध्ये रचल्या. ज्या ट्रकमधून मी जाणार होतो, त्यात लाल-हिरव्या खोळींच्या गाद्या मलकापूरला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मतीनचा फोन आला. शेडमध्येच वाजला, म्हणून मी ऐकला. तो चक्रावून गेला होता. "अब्बाले पाठव म्हटलं होतं मी. गाद्या काऊन पाठवल्या?"

"अब्बा इथंच राहतील," महेजबीन म्हणाली. "तू गाद्या वीक."

त्यानंतर तिने पहिलं काम केलं ते काटा उतरवायचं. जुन्या कापसाच्या गाठीची लोखंडी पट्टी घेतली, वाकवून तिचं गोल कडं केलं आणि ते शेडच्या तोंडाशी ठेवलं. कड्यात घट्ट बसेल एवढी मोळी आणायची आणि एक पायली, म्हणजे एक मोठं माप भरून, दळण न्यायचं. वजनाचा संबंधच नाही. कडूबा त्या कड्याभोवती फेरी मारून आला, वाकून पाहिलं आणि विचारात पडला. आता पाणी मारून उपयोग नव्हता. ओली मोळी आणली तर दळण तेवढंच मिळणार, आणि भार मात्र स्वतःच्या मानेवर.

"हे बराबर हाय," तो शेवटी म्हणाला. "पायलीले पानी पाजता येत नाही."

मित्रांनो, या गोष्टीलाही आता वर्षं झाली. मध्ये दोन-तीन वर्षं लोकांनी सगळीकडे सोयाबीन पेरलं, तेव्हा मी उपाशी उभा होतो आणि माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालत. नंतर गुलाबी बोंडअळी आली. शेतात पऱ्हाटी उभी ठेवू नका, तिच्यातल्या बोंडांत अळी दडून बसते, असं सगळे सांगू लागले. तेव्हा लोकांना पुन्हा माझी आठवण झाली, आणि मी ती पऱ्हाटी अळीसकट खाल्ली. आता गावात वीज बऱ्यापैकी असते. मी फक्त पऱ्हाटीच्या हंगामात काम करतो आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली आराम करतो. महेजबीनच्या हाताखाली आता चार बायका शिवतात. बशीरमियां गेले, पण ते आपल्या दारात, आपल्या खाटेवर गेले. मी सुखी आहे, असं म्हणायला मला काही हरकत वाटत नाही.

एवढं आयुष्य काढल्यावर तुमच्याकडे मागावंसं असं थोडंच उरतं. मला वेळच्या वेळी साफ करा, राख साठू देऊ नका, पावसात उघडं टाकू नका. पण याहून मोठी एक गोष्ट आहे. कोणी नीट चालेनासं झालं, मग ते यंत्र असो, बैल असो की घरातलं माणूस, तर त्यात दम नाही असं पटकन म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या पोटात काय जातं आहे ते आधी विचारा. आणि त्याला विचारून उपयोग नसेल, कारण आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, तर त्याला जेवू वाढणाऱ्या हातांना विचारा. ते खोटं बोलणार नाहीत. ते फक्त, जे रोज करतात ते सांगायचं विसरलेले असतात.